चौथा रकाना

अर्ज एक पानी होता. एक पानी अर्जाने माणसाचं असं काय वाकडं होणार? पण अप्पांनी तो भरायला घेतला आणि आठ दिवसांत त्यांच्या विजारीचं माप निघालं, नऊ वर्षांचं घरातलं अज्ञान उघडं पडलं आणि त्यांना वेड लागल्याची बातमी अख्ख्या इमारतीत पसरली. यातली शेवटची गोष्ट खोटी होती, असं अप्पांचं स्वतःचं मत आहे.

सुरुवात सकाळच्या चहाला झाली. अप्पांची सून समुपदेशक होती. मनाने दमलेली, गोंधळलेली माणसं तिच्याकडे येत, पन्नास मिनिटं बसत आणि जात. ती बसायची ती जागा मात्र एका शिंप्याच्या दुकानामागे होती, आणि मधे भिंत नव्हती, पडदा होता. पडद्याच्या अलीकडे कुणीतरी आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य जुळवत असायचं आणि पलीकडून शिंपी ओरडायचा, "कंबर छत्तीस!" एकदा तर एक गृहस्थ पडदा चुकीच्या बाजूने सरकवून एकाच बाहीच्या शर्टात आत आले आणि आरसा कुठे आहे म्हणून विचारू लागले. तीन वर्षं सूनबाई एकच गोष्ट शोधत होती : बंद होणारं दार.

तसं दार सरकारी आरोग्य केंद्राच्या पहिल्या मजल्यावर रिकामं झालं होतं. आठवड्यातून दोन दिवस खोली मिळणार होती. शुक्रवारी चारच्या आत अर्ज द्यायचा, नाहीतर खोली केस गळण्यावरच्या डॉक्टरांना. त्यांचा अर्ज केव्हाच येऊन पडला होता, आधीच्या आणि नंतरच्या डोक्यांच्या फोटोंसकट.

"मला स्वतःबद्दल लिहायलाच जमत नाही, बाबा," सूनबाई म्हणाली. "चार ओळी लिहिते आणि वाटतं, साबणाची जाहिरात वाचतेय."

"दे इकडे," अप्पा म्हणाले. "मी लिहितो."

अप्पांनी एखादं काम आपण होऊन अंगावर घेण्याची आयुष्यातली ही तिसरी वेळ. पहिल्या दोन वेळांबद्दल माई, म्हणजे त्यांची बायको, अजून बोलतात.

आता, अप्पांनी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढली होती. लोकांनी लिहायचं, छापखान्याने जुळवायचं आणि अप्पांनी चुका काढायच्या. छापखान्यात त्यांना 'शुद्धिपत्र' म्हणत, आणि ते प्रेमाने म्हणत असावेत असं अप्पा धरून चालत. पण या चौतीस वर्षांत त्यांनी स्वतःची अशी एक ओळ लिहिली नव्हती. रजेचा अर्जसुद्धा ते शेजारच्या टेबलावरचा आणून, दुरुस्त करून, उतरवून काढत. ही गोष्ट त्यांना कोरा कागद पुढे घेतल्यावर आठवली. म्हणजे उशीरच झाला होता.

अर्जात तीन रकाने होते. पार्श्वभूमी, मूल्यं आणि कामाची पद्धत. पाठीमागेही काहीतरी छापलेलं होतं, पण ते अप्पांनी पाहिलं नाही. उभा जन्म मजकूर तपासण्यात घालवलेल्या माणसाने कागद उलटून पाहू नये, याला काय म्हणावं ते कळत नाही.

पहिला रकाना सोपा वाटला. अप्पांनी लिहिलं, 'सदर समुपदेशक या', आणि तिथेच थांबले. या कोण? सून घरात येऊन नऊ वर्षं झाली होती. तिला चहात साखर कमी लागते, ती चपला दारात वाकड्या सोडते आणि पेपरमधलं कोडं पेनाने सोडवते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण हे पार्श्वभूमीत बसेना.

त्यांनी चिरंजीवांना गाठलं. "तुझी बायको आधी काय करत होती रे?"

"कधीच्या आधी?"

"या कामाच्या आधी."

"फोनचं काहीतरी होतं ना," चिरंजीव मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले. "तिलाच विचारा की. आहे ना घरात!"

सल्ला सरळ होता, पण अप्पांना तो उद्धट वाटला. नऊ वर्षांनी माणसाला 'तुम्ही कोण' म्हणून विचारायचं कसं? शेवटी त्यांनी तिला बाहेर निघताना, चपला घालताना गाठलं. चपला घालणारा माणूस वर बघत नाही, तेवढाच आधार.

तिने एक पाय चपलेत आणि एक बाहेर अशा अवस्थेत सांगितलं ते असं. ती आठ वर्षं एका कंपनीच्या तक्रार विभागात फोन घ्यायची. कपडे धुण्याचं यंत्र बिघडलं की लोक फोन करून शिव्या द्यायचे. नियम होता, चार मिनिटांत फोन संपवायचा. "पण बाबा, तीन मिनिटं झाली ना, की यंत्र संपायचं आणि घर सुरू व्हायचं. मग म्हणायचं, आपली तक्रार नोंदवली आहे, धन्यवाद." एक दिवस एका बाईंचा फोन आला. यंत्रातलं पाणी जात नाही म्हणाल्या आणि मग गप्पच झाल्या. सूनबाईनेही फोन ठेवला नाही. एक्केचाळीस मिनिटं. त्यातली निम्मी नुसती गप्प. दुसऱ्या दिवशी तिला मेमो मिळाला, वेळेची मर्यादा ओलांडल्याबद्दल.

"तो मेमो अजून आहे माझ्याकडे. त्यानंतर शिकायला गेले," ती म्हणाली आणि दुसरी चप्पल घालून निघून गेली.

अप्पा दारात उभेच. या घरात त्यांनी तिच्या चपला रोज सरळ केल्या होत्या, पण ती त्या घालून आली कुठून, हे कधी विचारलं नव्हतं. त्यांनी आत जाऊन पहिला रकाना भरला. दोनशे चाळीस शब्द झाले. रकाना साठ शब्दांचा होता.

दुसऱ्या रकान्याला इमारत धावून आली. त्याला कारण माई. अप्पा काहीतरी लिहितायत, ही बातमी त्यांनी फक्त समोरच्या काकूंना सांगितली, आणि काकूंना सांगणं म्हणजे जिन्यात फळा लावणं. तासाभरात काकू हजर. मागोमाग वरच्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार.

"मूल्यं ना? लिहा, शिस्त!" फौजदार खुर्चीत बसायच्या आत म्हणाले. "पुढे कंसात, कडक."

"अहो, मनाच्या दवाखान्यात कडक कशाला?" काकू म्हणाल्या. "हसतमुख लिहा. आणि गोरी."

"गोरी हे मूल्य नाही, काकू," अप्पा म्हणाले.

"मग राहू दे. घरंदाज लिहा."

सूनबाई संध्याकाळी आल्यावर अप्पांनी तिलाच विचारलं. तिने बोटांवर मोजून सांगितलं. तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं. वेळेवर सुरू करायचं, वेळेवर संपवायचं. आणि सल्ला द्यायचा नाही.

हे तिसरं ऐकून, तोवर बसून राहिलेल्या फौजदारांना ठसकाच लागला. "सल्ला देत नाही? मग लोक येतात कशाला?"

"तो त्यांना बाहेर भरपूर मिळतो, काका."

"मग तू देतेस काय?"

"पन्नास मिनिटं."

"नुसती?"

"नुसतीच देणं फार अवघड असतं," सूनबाई म्हणाली आणि हात धुवायला गेली. फौजदारांनी अप्पांकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ, हिला खोली मिळत नाही, असा होता.

तिसऱ्या रकान्यात 'पन्नास मिनिटं, नुसती' एवढंच लिहून गुरुवारी सकाळी अप्पा कच्चा अर्ज दाखवायला आरोग्य केंद्रात गेले. तिथले हेडक्लार्क हे उंच, उदास आणि अत्यंत टापटिपीचे गृहस्थ होते. टेबलावरच्या तीन पेन्सिली त्यांनी एका रेषेत लावल्या होत्या. अप्पा बोलत असताना मधली पेन्सिल जराशी सरकली, ती त्यांनी परत रेषेत आणली. मग अर्ज वाचला, मान हलवली आणि कागद उलटला.

"चौथा रकाना?"

पाठीमागे खरोखरच चौथा रकाना होता. 'किमान दोन लाभार्थींचे अभिप्राय, पूर्ण नाव व सहीसह.'

"पण साहेब," अप्पा म्हणाले, "तिच्याकडे कोण येतं ते ती सांगत नाही. आम्हालासुद्धा नाही."

"शेजारच्या खोलीसाठी दातांच्या डॉक्टरांनी बारा दिलेत. केसवाल्यांनी फोटो जोडलेत. आधी, नंतर."

"मनाचा फोटो कसा काढणार?"

"तो माझा विषय नाही," हेडक्लार्क म्हणाले. "माझा विषय रकाना. रिकामा रकाना पुढे जात नाही. गेल्या एकोणीस वर्षांत गेलेला नाही."

अप्पा घरी आले. सूनबाईने सगळं ऐकून घेतलं. "मग राहू दे, बाबा," ती म्हणाली. "एकालाही विचारायचं नाही मला. विचारलं की संपलंच. पडदा आहेच आपला." हे ती अगदी शांतपणे म्हणाली. ओरडली असती तर अप्पांना बरं वाटलं असतं.

मग अप्पांना कल्पना सुचली. अभिप्राय आपणच द्यायचा. पण न घेतलेल्या उपचारांबद्दल सही ठोकणं त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं. म्हणजे आधी उपचार घ्यायला हवेत.

"घरच्या माणसांना घेता येत नाही," सूनबाई म्हणाली. "नियम आहे."

"मी घरचा आहे हे कुणाला कळणार?"

"मला कळेल ना."

निदान पद्धत तरी जवळून बघावी, म्हणून दुपारी अप्पा शिंप्याच्या दुकानात जाऊन बाकावर बसले. दुकानात दोन बाकं होती. उजवीकडचं कपड्यांच्या गिऱ्हाइकांचं आणि डावीकडचं, पडद्याजवळचं, सूनबाईच्या माणसांचं. हे साऱ्या रस्त्याला माहीत होतं आणि अप्पांना नव्हतं. ते डावीकडे बसले. शिंप्याने त्यांना ओळखलं, त्याला वाईट वाटलं, आणि म्हाताऱ्याची लाज राखावी म्हणून त्याने मोठ्याने "या काका, विजार ना?" असं म्हणत त्यांना उभं करून माप घ्यायला सुरुवात केली. अप्पांना विजार नको होती. पण माप घेणाऱ्याला मधेच थांबवणं त्यांना जमलं नाही. आयुष्यात बरंच काही त्यांच्या बाबतीत याच कारणाने घडलं होतं.

माप घेऊन झाल्यावर शिंप्याने त्यांना खांद्याला धरून हळुवारपणे परत डावीकडच्याच बाकावर बसवलं, आणि नेमक्या त्या वेळी समोरच्या काकू पडद्यांचं कापड घेऊन दुकानात शिरल्या.

काकू काही बोलल्या नाहीत. तेव्हाच अप्पांनी ओळखायला हवं होतं.

अप्पा घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. सासऱ्याला सुनेच्या बाकावर बसावं लागलं! जिन्यात लोक त्यांना वाट देऊ लागले. तळमजल्यावरच्या बाईंनी मुलांना त्यांच्यासमोर फटाफट गप्प केलं. माईंनी दार उघडलं आणि पाण्याचा पेला हातात देताना विचारलं, "माझं काही चुकलं का हो?" छत्तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी प्रथमच विचारला होता. क्षणभर अप्पांना खुलासा करू नये असं वाटलं. पण केला.

माईंचं समाधान झालं, इमारतीचं झालं नाही. पाच वाजता फौजदार आले. अप्पांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "घाबरायचं नाही! मी आहे. काय होतंय ते मोकळेपणाने सांगा."

अप्पांना काही होत नव्हतं. त्यामुळे सांगण्यासारखं काही सापडेना, आणि ते गप्प बसले. फौजदार वाट पाहत राहिले. बंदोबस्तात उभं राहायची सवय असलेला माणूस, पण गप्प खोलीत बसायची सवय नव्हती. दोन मिनिटांनी ते म्हणाले, "मलासुद्धा कधीकधी..." आणि थांबले. अप्पांना पुढे काय विचारावं हे सुचलं नाही. सुचलं असतं तर त्यांनी नक्की घाण केली असती.

फौजदार पावणेदोन तास बोलले. काय बोलले, ते इथे सांगता येत नाही. मधे एकदा त्यांनी रुमाल काढला आणि एकदा खूप हसले. जाताना दारात उभे राहून म्हणाले, "छान सल्ला दिलात, अप्पा." अप्पांनी सगळ्या वेळात फक्त "हो का?" एवढंच म्हटलं होतं, तेही दोनदा.

ते वर गेले तोच काकू आल्या. त्याही धीर द्यायलाच आल्या होत्या. अप्पा आता मनापासून थकले होते, त्यामुळे त्यांनी "हो का?" एकदाच म्हटलं. काकू आठ वाजेपर्यंत बसल्या. जिन्यातला फळाच असलेल्या या बाई, पण जे बोलल्या ते त्यांनी कुणालाच कधी सांगितलेलं नसावं, असं बोलण्याच्या अडखळण्यावरून अप्पांना वाटलं.

"काय म्हणत होत्या एवढा वेळ?" माईंनी ताट वाढताना विचारलं. "आणि फौजदार? त्यांचा तर आवाज बसल्यासारखा येत होता."

अप्पा घास हातात धरून बसले. "नाही सांगता येणार," ते म्हणाले.

"मला?"

"कुणालाच."

माईंनी आमटीचा चमचा आपटला. सूनबाईने मात्र ताटातून मान वर करून सासऱ्यांकडे पाहिलं. नऊ वर्षांत तिने त्यांच्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं. खरं तर त्यांनीही कधी नव्हतं.

शुक्रवारी सकाळी फौजदारांनी दारातून एक कागद सरकवला. 'मला फार मोकळं वाटलं. पुष्कळ वर्षांत पहिल्यांदा.' खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि झोकदार सही. "अर्जाला लावा," ते जिन्यातूनच म्हणाले. "तिचं काय नि तुमचं काय, घर एकच ना!" अर्ध्या तासाने काकूंनीही तसाच आणून दिला. त्यावर पाण्याचा एक डाग होता.

हे बघा, मुद्रितशोधकाच्या नजरेने पाहिलं तर मजकुरात एका अक्षराची चूक नव्हती. दोन अभिप्राय, पूर्ण नाव, सही. आणि समोर घड्याळात बारा. चार वाजता दार एक तर सूनबाईचं होणार, नाहीतर केसवाल्यांचं. अप्पांनी कागद अर्जाला टाचणीने लावले. काढले. पुन्हा लावले. माई म्हणाल्या, "अहो, लावून टाका की. कोण विचारतंय?"

"हेच तर," अप्पा म्हणाले. "विचारणार कुणीच नाही. उद्यापासून त्या टेबलावर जो येईल तो वाचणार, फौजदारांना मोकळं का वाटलं म्हणून."

त्यांनी टाचण्या काढल्या, दोन्ही कागदांचे बारीक तुकडे केले आणि ते स्वतः खाली नेऊन टाकले. मग चौथ्या रकान्यात, चौतीस वर्षांत दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर तपासलेली ओळ, पहिल्यांदा स्वतःची म्हणून लिहिली : 'ही जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे.' थोडा विचार करून खाली आणखी एक लिहिली : 'खोलीत जे बोललं जाईल, त्याचंही असंच केलं जाईल.'

साडेतीनला अर्ज हेडक्लार्कांसमोर होता. त्यांनी पुढची बाजू वाचली. एक्केचाळीस मिनिटांच्या मेमोबद्दल वाचताना त्यांची भुवई किंचित हलली. मग कागद उलटला.

अप्पा टेबलाची कड धरून उभे होते. भाषण पाठ करून आले होते, पण त्यातलं पहिलंच वाक्य विसरले. त्यामुळे ते गप्प राहिले. पंखा फिरत होता. तीनपैकी एक पेन्सिल घरंगळत टेबलाच्या कडेला गेली आणि खाली पडली. हेडक्लार्कांनी ती उचलली नाही.

"रिकामा नाही म्हणता येणार," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "काहीतरी लिहिलेलं आहे." त्यांनी शिक्का उचलला, नीट सरळ धरला आणि मारला. मग ड्रॉवर उघडून पुन्हा बंद केला. "त्या खोलीचं दार जरा घट्ट बसतं," ते ड्रॉवरकडे बघत म्हणाले. "म्हणजे बाहेर काही ऐकू येत नाही. मी पाहिलंय." थोडं थांबून, "मंगळवारी किती वाजेपर्यंत असतील त्या?"

"सहापर्यंत," अप्पा म्हणाले.

"मला पाचला सुटी होते," हेडक्लार्क म्हणाले. कशासाठी म्हणाले, ते अप्पांनी विचारलं नाही.

पहिल्या मंगळवारी अप्पा केंद्रात गेले. सूनबाई संध्याकाळच्या खाण्याचा डबा घरी विसरली होती, तो द्यायला. पाच वाजून गेले होते. खोलीवर नावाची पाटी होती, दार बंद होतं, आणि दाराबाहेरच्या बाकावर एक उंच गृहस्थ चेहऱ्यासमोर फाईल धरून बसले होते. फाईल उलटी होती. अप्पांनी डबा खिडकीत ठेवला, पाटीवरची अक्षरं दोनदा तपासली, आणि जिन्याने खाली आले.

घरी माई वाटच बघत होत्या. "लावलं का दार? आणि कुणी आलं होतं का हो? पहिलाच दिवस, बाकावर कोणी बसलेलं दिसलं का?"

"दिसलं नाही," अप्पा म्हणाले. "चष्मा घरीच राहिला होता."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. माईंनी तो पाहिला. छत्तीस वर्षं त्यांनी अप्पांची एक चूक सोडली नव्हती. त्यांनी तोंड उघडलं, अप्पांकडे बघितलं, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.